सोसायटीच्या कोपऱ्यात लोहगड

वाचकाचे पत्र :

माननीय ताई, सादर नमस्कार. आम्ही ठाण्यातील एका मोठ्या सोसायटीत राहतो. मला अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा आहे. माझे वडील मूळचे वाई तालुक्यातले. ते आता चौऱ्याहत्तर वर्षांचे असून आमच्यासोबतच राहतात. गेल्या दिवाळीत सोसायटीतल्या बारा-चौदा मुलांना घेऊन मी किल्ला करायला घेतला. पहिल्या दिवशी सगळी मुले होती, तिसऱ्या दिवशी एकही उरले नाही आणि शेवटी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून मी तो एकट्याने पूर्ण केला. किल्ला पाहणाऱ्या सगळ्यांना आवडला, पण माझी मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “तो आमचा नाही, बाबांचा किल्ला आहे.” ते वाक्य वर्षभर माझ्या मनातून गेलेले नाही. यंदा समितीने पेव्हर ब्लॉकवर माती टाकायला मनाई केली आहे आणि पत्नीचे म्हणणे असे की, बाजारातला तयार किल्ला आणावा. रायगड करावा की प्रतापगड, मुलांना शेवटपर्यंत कसे धरून ठेवावे आणि गुडघ्यांमुळे खाली बसू न शकणाऱ्या माझ्या वडिलांना यात कोणते काम द्यावे, हे कृपया सांगावे. गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे लोहगड चढून आलो, तेव्हापासून मुलांना किल्ल्यांची गोडी लागली आहे.
– एक बाबा, ठाणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार. तुमच्या लेकीने तक्रार केलेली नाही. जे घडले ते तिने नेमक्या शब्दांत सांगितले आहे. ते वाक्य तुम्ही वर्षभर जपून ठेवलेत, याचे मला फार मोल वाटते, कारण पुष्कळ पालक अशा वेळी “तुम्ही पळून गेलात म्हणून मला करावे लागले” असे म्हणून मोकळे होतात. मुले तिसऱ्या दिवशी का गेली, याचा अंदाज मला तुमच्या पत्रावरूनच येतो. पहिल्या दिवशी चिखल असतो, विटा असतात, पाण्याच्या बादल्या असतात. तिथे सगळ्यांना वाव असतो. दुसऱ्या दिवशी डोंगराला आकार येतो. तिसऱ्या दिवशी मात्र बुरूज गोल आहे का, पायऱ्या सरळ आहेत का असे प्रश्न सुरू होतात आणि मोठ्या माणसाचा हात नकळत मुलाच्या हाताच्या जागी येतो. मुलाने केलेला बुरूज आपण “थोडासा” नीट करतो. त्याला कोणी जा म्हणत नाही, पण आता आपली गरज राहिलेली नाही एवढे त्याला समजते.

मी अनेक वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. तिथे दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गाने मिळून केलेल्या एका किल्ल्यात पाचवीतल्या एका मुलाने केलेला दरवाजा बराच कलला होता. शाळा सुटल्यावर मी तो काढून सरळ बसवला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा दरवाजाकडे बघत क्षणभर उभा राहिला, काहीच बोलला नाही आणि पुढचे दोन दिवस इतरांना फक्त पाणी आणून देत राहिला. ती माझी चूक होती आणि ती मला आजही टोचते. म्हणून यंदा एकच नियम पाळा, तोही मुलांसमोर बोलून दाखवून पाळा: मुले जागेवर नसताना किल्ल्याला कोणीही हात लावायचा नाही, रात्री तर मुळीच नाही.

आता कोणता किल्ला करावा, याबद्दल. रायगडही नको आणि प्रतापगडही नको, लोहगड करा. तो तुमच्या मुलांच्या पायांनी पाहिलेला आहे. जो गड आपण चढलो, त्याचा दम कुठे लागला, पाणी कुठे प्यायलो, सावली कुठे होती हे सगळे अंगात मुरलेले असते आणि किल्ला करताना तेच हातात उतरते. रायगडाचा नकाशा पाहून हुबेहूब रायगड करणे ही मोठ्यांची हौस असते. शिवाय, जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत रायगड, राजगड आणि प्रतापगड यांच्या बरोबरीने लोहगडही आहे, तेव्हा दुसऱ्या विंगमधल्या एखाद्या मुलाने “लोहगडच का?” असे विचारले, तर तुमच्या मुलांना देण्यासारखे उत्तर आहे.

सुरुवात मातीने करू नका. एका संध्याकाळी सगळ्या मुलांना मोठे कागद द्या आणि लोहगड आठवेल तसा काढायला सांगा. जी मुले गेली नव्हती, त्यांना गेलेल्यांनी सांगायचे. कोणाच्या चित्रात गडाच्या टोकाची विंचूकाटा माची खुद्द गडाहून मोठी होईल, कोणी फक्त माकडे काढील, काढू द्या. त्यानंतर तुम्ही काढलेले फोटो समोर ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: हा डोंगर मातीच्या ढिगासारखा उतरता आहे का? मुलांना चटकन दिसेल की, तसा तो नाही. सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून घडला, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढतात: एक उभा कातळकडा, मग थोडा झाडीचा उतार, मग पुन्हा कडा आणि शेवटी सपाट माथा. दिवाळीतले बहुतेक किल्ले शंकूसारखे होतात आणि त्यामुळेच ते सगळे एकसारखे दिसतात. मुलांनी विटा आणि खोकी थराथराने, प्रत्येक थर थोडा आत घेत रचली, तर डोंगर आपोआप सह्याद्रीतला वाटू लागतो. विंचूकाट्याची माची म्हणजे माथ्यापासून निघालेली लांब, अरुंद सोंड. तिच्यासाठी विटांची एक ओळ पुढे काढली की पुरे. ही आकृती इतकी ठसठशीत आहे की, बाकी काही चुकले तरी लोहगड ओळखू येतो.

किल्ल्याचा जीव मात्र त्याच्या वाटेत आहे आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ तिथेच द्यावा. तुम्ही गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा या क्रमाने वर गेला असाल. वाट सरळ नव्हती, ती नागमोडी वळत होती आणि प्रत्येक वळणावर डोक्यावर तट होता. मुलांना एक खेळ सांगा. एकाने शत्रूचा मावळ्याएवढा पुतळा हातात धरून वाटेने वर न्यायचा आणि दुसऱ्याने वरच्या बुरुजावरून ज्वारीचे दाणे टाकायचे. दाणे लागत नसतील, तर बुरूज चुकीच्या जागी आहे. मग तो हलवायचा, तटाची उंची बदलायची, वळण अधिक घट्ट करायचे. तट, बुरूज, जंग्या (तटातून बंदुकीचा मारा करण्याची छिद्रे), देवडी हे शब्द पाठ करून घेण्याची गरज उरत नाही, कारण पहारेकऱ्याला पावसात बसायला जागा हवी हे लक्षात आले की, दरवाजाच्या आत देवडी मुले स्वतःच करतात. पाण्याचेही तसेच आहे. गडावर कातळात खोदलेली टाकी असतात आणि त्यांतून निघालेला दगड तटासाठी वापरला जाई. एवढे सांगितले की माथ्यावर टाके आधी खोदायचे की तट आधी बांधायचा, यावर मुले स्वतःच वाद घालतील. तो वाद मिटवायला तुम्ही जाऊ नका.

बारा-चौदा मुले एका डोंगराभोवती मावत नाहीत; कोपर लागते, भांडणे होतात आणि लहान मुले मागे पडतात. म्हणून दोन गट करा आणि दोन डोंगर करा. लोहगडाच्या शेजारी विसापूर आहे, मध्ये गायमुख खिंड आहे आणि विसापूर लोहगडाहून थोडा उंच आहे. शेजारचा उंच डोंगर शत्रूच्या हाती गेला तर काय होईल, हा प्रश्न मुलांपुढे ठेवा. १८१८च्या मार्च महिन्यात नेमके तेच घडले; इंग्रजांनी विसापूर घेतला आणि पाठोपाठ लोहगडही गेला. हे एकदा समजले की, दोन्ही गटांना एकमेकांच्या कामात रस घ्यावाच लागतो, कारण खिंड दोघांची असते. खिंडीत लोहगडवाडीची चार घरे, एक विहीर आणि गुरे करण्याचे काम सात वर्षांच्या आसपासच्या मुलांना द्या. ते त्यांचे स्वतंत्र गाव असेल आणि मोठ्या मुलांना त्यात ढवळाढवळ करता येणार नाही.

समितीची हरकत मला रास्त वाटते. पेव्हर ब्लॉकच्या फटींत चिखल गेला की तो निघत नाही आणि तो काढण्याचे काम झाडूवाल्या मावशींवर पडते. म्हणून समितीला लेखी अर्ज द्या आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: खाली जाड ताडपत्री असेल, तिच्या कडेने विटांचा बांध असेल आणि तुळशीच्या लग्नानंतर चार दिवसांत माती उचलून सोसायटीच्या बागेत टाकली जाईल. अर्जावर मुलांच्या सह्या घ्या. समितीपुढे तो अर्ज तुमच्या मुलीने वाचून दाखवला, तर उत्तमच.

मातीचे वजनही आधी ध्यानात घ्या. एक मीटर लांब-रुंद आणि अर्धा मीटर उंच असा डोंगर पूर्ण मातीने भरला, तर दीडशे लिटरहून अधिक माती लागते आणि ओली माती साधारण तीनशे किलो भरते. तोच डोंगर आतून पोकळ ठेवून, म्हणजे विटा, उलटी घातलेली जुनी घमेली आणि पुठ्ठ्याची खोकी रचून, त्यांवर चिखलात बुडवलेले गोणपाट अंथरून आणि वरून बोटाच्या दीड पेराएवढाच मातीचा थर देऊन केला, तर सुमारे पंचाहत्तर किलो मातीत काम होते. उचलायला सोपे, मोडायला सोपे आणि तडेही कमी जातात. माती निवडताना काळी माती टाळा, ती सुकताना आकसते आणि भेगाळते; लाल माती घ्या, चाळणीने चाळा आणि तिच्यात बारीक कापलेला काथ्या किंवा भुसा मिसळा. चिखल तुडवण्याचे काम मुलांच्या पायांकडे सोपवा. तुम्ही विटा वाहा, पाणी आणा, माती विकत आणा. जड आणि कंटाळवाणे ते तुमचे, आकाराचे आणि निर्णयाचे ते मुलांचे, अशी वाटणी ठेवा.

हिरवळीसाठी मोहरीपेक्षा अळीव चांगले. अळीव भिजवले की त्यांना बुळबुळीत आवरण सुटते, त्यामुळे उतारावर थापले तरी ते घरंगळत नाहीत. तिसऱ्या दिवशी कोंब दिसतात आणि आठवड्याभरात डोंगर हिरवा होतो. म्हणजे वसुबारसेला गवत हवे असेल, तर आठ दिवस आधी मातीचा थर पूर्ण व्हायला हवा. कातळकड्यांवर मात्र अळीव लावू देऊ नका, नाहीतर कष्टाने केलेल्या पायऱ्या गवताखाली झाकून जातील.

यावरून वेळेचे गणित निघते. वसुबारस कोजागरीनंतर साधारण बारा दिवसांनी येते. कोजागरीच्या रात्री मसाला दुधासाठी सगळे गच्चीवर जमतातच, तेव्हा चित्रे काढून घ्या आणि दुसऱ्या दिवसापासून विटा रचायला लागा. याच दिवसांत सहामाही परीक्षा असते, हे मला ठाऊक आहे; म्हणून रोज तासाभराहून जास्त काम करू नका आणि मुलांना अजून करावेसे वाटत असतानाच थांबवा. कंटाळा येईपर्यंत चाललेल्या कामाकडे मूल दुसऱ्या दिवशी फिरकत नाही, पण अर्धवट राहिलेला बुरूज त्याला परत बोलावतो. परतीचा पाऊस या सुमारास हमखास गाठतो, तेव्हा बांबूच्या चार काठ्या आणि एक प्लास्टिकचा कागद जवळ ठेवा.

आणि वसुबारसेला किल्ला पूर्ण झाला नाही तर? तसाच राहू द्या. ज्या नारायण दरवाजातून तुम्ही वर गेलात, तो नाना फडणवीसांच्या काळातला आहे, म्हणजे शिवकालानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी बांधलेला. खुद्द लोहगडच एका माणसाच्या हयातीत पूर्ण झालेला नाही. तुमच्या मुलांनी पाडव्याला एक दरवाजा बसवला आणि भाऊबीजेला दुसरा, तर त्यात उणे काहीच नाही. उलट दिवाळीचे चारही दिवस त्यांना किल्ल्याजवळ जायला कारण राहील.

नाना फडणवीसांचे नाव निघाले आणि मला तुमच्या वडिलांची आठवण झाली. नानांचा वाडा वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी आहे आणि तिथल्या घाटावर १७३९च्या वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. वाई तालुक्यात वाढलेल्या माणसाने ती घंटा पाहिली असेलच, बहुधा वाजवलीही असेल. लोहगडावर नारायण दरवाजा आणि सोळाकोनी टाके ज्यांच्या काळात झाले, त्यांचे घर आजोबांनी लहानपणी पाहिलेले आहे, हे तुमच्या मुलांना कोणी सांगितले आहे का? नसेल, तर ते आजोबांनीच सांगावे आणि किल्ल्याशेजारी खुर्चीवर बसून, मुलांचे हात मातीत असताना सांगावे. वेगळी गोष्टीची बैठक नको.

गोष्टी सांगण्यापुरतेच त्यांना बसवून ठेवू नका, मात्र. टेबलाच्या उंचीवर करता येणारे खरे काम त्यांना द्या. गणपतीच्या कारखान्यांत उरलेली शाडूची माती मागितली की मिळते. तिचे मावळे, गुरे, तोफा आणि विहिरीचा रहाट वळायला त्यांच्यासोबत रोज दोन मुले पाळीपाळीने बसू द्या. बाजारातले मावळे वीतभर उंच असतात आणि किल्ल्याच्या दरवाजातून आत जाऊ शकत नाहीत, ही मुलांची दरवर्षीची अडचण असते. दरवाजाची उंची मोजून त्या मापाचे मावळे घरी केले की ती सुटते. आजोबांची बोटे थरथरत असतील, त्यांच्या मावळ्याचे नाक वाकडे होईल. तरीही मघाचा नियम त्यांच्या मावळ्यांनाही लागू आहे.

तुमच्या पत्नींच्या सूचनेकडे मी वेगळ्या बाजूने पाहते. तयार किल्ला आणावा असे त्यांना वाटते, ते किल्ला नको म्हणून नव्हे, असा माझा अंदाज आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घरात चकल्या, करंज्या, साफसफाई आणि पाहुणे असतात. त्याच आठवड्यात नवरा रात्री दोन वाजता चिखलाने भरलेले कपडे घेऊन घरी येत असेल आणि सकाळी झोपेने जड झालेला असेल, तर कोणालाही तयार किल्लाच बरा वाटेल. यंदा चिखलाचे कपडे तुम्ही धुवा, मुलांचे पाय खालच्या नळावर धुऊनच त्यांना वर आणा आणि एक दिवस किल्ला बंद ठेवून सगळ्या मुलांना घेऊन करंज्या भरायला बसा. त्यानंतर त्यांना किल्ल्यावर यावेसे वाटले तर त्या येतील. पण आग्रह करू नका. तयार किल्ल्याबद्दल विचाराल, तर प्लास्टरचा साचेबंद किल्ला आणून त्यावर मावळे मांडण्यात मुलांना करण्यासारखे जे उरते, ते अर्ध्या तासात संपते. घरात आजारपण असेल किंवा जागाच नसेल, तर तो आणण्यात गैर नाही. तुमच्याकडे मात्र जागा आहे, मुले आहेत आणि लोहगड नुकताच पाहिलेला आहे.

शेवटी तुमच्या मुलीविषयी. पुष्कळ ठिकाणी अजूनही मुलगे किल्ला करतात आणि मुलींना त्याच्यापुढे रांगोळी काढायला बोलावतात. तुमच्या सोसायटीत तसे असेलच असे नाही, पण अकराव्या वर्षी मुली अशा गोष्टी न बोलता ओळखतात. यंदा तिला किल्लेदार करा आणि खरोखरचे अधिकार द्या: कोणत्या गटात कोण, आज काम कुठे थांबायचे, कोणता बुरूज हलवायचा हे तिने ठरवायचे. तिचा एखादा निर्णय तुम्हाला चुकीचा वाटेल. भिंत कोसळेल असे दिसत असेल आणि खाली कोणाचे पाय नसतील, तर कोसळू द्या. ती का कोसळली, हे ती तुम्हाला येऊन विचारील, तेव्हा सांगा. आणि कोजागरीच्या आधी तिच्याजवळ बसून, गेल्या वर्षीचा किल्ला बाबांचा होता हे तू बरोबर म्हणालीस, असे तिला स्पष्ट सांगा. हे ती विसरली असेल, असे समजू नका.

सोसायट्यांच्या स्पर्धेत नाव द्यावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण कोणीतरी अर्ज घेऊन येईलच. तेव्हा तो अर्ज तुम्ही भरू नका, किल्लेदाराकडे पाठवा.

तुमची,
ताई